पुनवेची बाटली, बांधावरचा धोतरा आणि चेटकीण हा शब्द

तुझा प्रश्न दोनदा वाचला, एकदा दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे न् एकदा रात्री लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. वय २१, गाव झरीकडचं, कॉलेज यवतमाळला. लॉकडाऊनमध्ये चेटकिणींच्या सिरीज पाहता पाहता त्यातलं आवडायला लागलं, आता दर पुनवेला छतावर पाण्याची बाटली ठेवते न् सकाळी ते पाणी पिते, ऑनलाइन मागवलेला सेज नावाचा वाळलेला पाला जाळते, उशाशी जांभळा खडा आहे. पीसीओडी, म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोनचा त्रास आहे, पण डॉक्टरीणबाईनं दिलेल्या गोळ्या तीन महिन्यांपासून बंद करून चंद्राप्रमाणे बिया खाणं चालू आहे. आणि घराच्या मागं 'विच गार्डन' केलं आहे ज्यात बांधावरून आणलेला धोतरा लावला, त्याचा थोडासा चहा करून पाहू का असं शेवटच्या ओळीत विचारलं. आई म्हणते हे सैतानाचं काम, भाऊ म्हणतो येडपट झाली, न् तू म्हणते मॅडम तुम्ही आयुर्वेदवाल्या, तुम्हाला तरी कळेल.

धोतऱ्याचा चहा करायचा नाही. हे पहिले सांगून टाकते, कारण खालचं सगळं वाचेपर्यंत तू थांबशील का नाही मला माहीत नाही. कारण पुढे सांगते.

आता तुझ्या आईचं. सैतानाचा याच्याशी काही संबंध नाही हे तिला माझ्या नावानं सांग. सैतान हा ख्रिस्ती धर्मातला, आणि हे विक्कावाले, म्हणजे तुझ्या त्या आजच्या चेटकीण-पंथाचे लोक, तर त्या धर्माच्या बाहेर पडून एक देवी न् एक शिंगवाला देव मानतात, चंद्र, ऋतू, झाडं-झुडपं असं सगळं. पण रीलवाल्या पोरी 'हजारो वर्षांचं प्राचीन ज्ञान' म्हणून जे सांगत असतात ना, तेही खरं नाही बरं. इंग्लंडमध्ये चेटकाबद्दलचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर नावाच्या माणसानं पुस्तक काढून हा पंथ लोकांपुढं आणला. हा गार्डनर कोण, तर मलायात कस्टम खात्यात नोकरी करून रिटायर झालेला साहेब. म्हणजे सगळा मिळून पाऊणशे वर्षांचा मामला. आपल्या नागपूरची काळी मारबत, म्हणजे रोगराई न् पीडा घेऊन जा म्हणत मिरवणुकीनं गावाबाहेर नेतात तो पुतळा, १८८१ पासून निघते न् पिवळी १८८५ पासून, म्हणजे आपली मारबत या विक्काची आजी लागते वयानं. नवीन आहे म्हणून फालतू असं मी म्हणून नाही राहिली. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना काही वेदकाळातली नाही, तरी आमच्या गावात आजही संध्याकाळी होते न् लोकांना बरं वाटते. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन, म्हणजे निसर्गपूजक, लिहिला आणि १३ हजारांनी विक्का, ते सगळे काही येडपट नाहीत, तुझ्या भावाला सांग.

माझी अडचण वेगळीच आहे. तू त्यांच्या आठ सणांचं चक्र भिंतीवर लावलं आहे, फोटो पाठवला तो पाहिला, चांगलं रंगवलं आहे. पण कधी विचार केला का की ३१ ऑक्टोबरला त्यांचं साल का संपते? तिकडे तेव्हा पानं गळतात, जनावरं गोठ्यात येतात, चार-साडेचारला अंधार पडायला लागते, मेलेल्यांची आठवण येईल असेच ते दिवस. आपल्याकडे ३१ ऑक्टोबरला सोयाबीन निघून गेलेलं असते, कापसाची वेचणी चालू, तूर फुलावर यायच्या बेतात, घरात मजुरीचे पैसे द्यायची घाई. आपले पितर पितृपक्षातच जेवून गेलेले असतात. आणि १ मे चं बेल्टेन पाहा, त्यात आग पेटवतात न् तिच्यावरून उड्या मारतात. १ मे ला! चंद्रपूरच्या माणसाला सांगून पाहा बरं, पारा ४४ वर आहे न् आपण उन्हाच्या स्वागताला शेकोटी करू म्हणून. उन्हाचं स्वागत करणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्माला यायचा आहे.

म्हणून मी पोरींना म्हणते की तुमाले चक्रच पाहिजे तर आपलं पाहा, ते पाहायला पैसे लागत नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते, तुझ्या घरी बैल असतील तर पाहिलीच असशील, पळसाच्या पानानं गरम तूप न् हळद बैलाच्या खांद्याला लावतात. कुठं लावतात ते नीट पाहा, जिथं सालभर जू घासते, जिथली कातडी जाड होऊन कधी कधी सोलून निघते तिथंच. आणि मग त्याच्या कानाशी जाऊन म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. माझे बाबा हे म्हणायचे तेव्हा घरातलं कोणी बोलायचं नाही, ज्याच्या जिवावर पीक निघालं त्याला जेवायचं आमंत्रण देऊन राहिले, त्यात गंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी दारात पळसाचे मेढे, पोळ्यात झडत्या, म्हणजे बैलांपुढं म्हणायची गाणी, आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच पोरं ओरडत गावाच्या बाहेर निघतात, ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत. पावसाळ्याच्या मधोमध, जेव्हा घराघरात ताप-खोकला-हगवण चालू असते, नेमकं तेव्हा. आता अर्ध्या गावात ट्रॅक्टर आले, लोक मातीच्या बैलाची पूजा करतात न् स्टेटस टाकतात, तो भाग वेगळा. पण तुझ्या त्या इंग्रजी चक्रात जी गोष्ट तुला ओढून राहिली आहे, म्हणजे ऋतूकडं लक्ष देणं, जनावर-झाडाला कोणीतरी समजणं, ती तुझ्या घराच्या कोठ्यातच आहे, कदाचित तिथं शेणाचा वास येते म्हणून रीलवर चांगली दिसत नसेल.

आता पाण्याची बाटली. चांदण्यात बाटली ठेवल्यानं काही बिघडत नाही, मन शांत होत असेल तर ठेव. पण तुझं गाव झरी-पांढरकवड्याच्या पट्ट्यातलं आहे आणि तिकडच्या कितीतरी हातपंपांच्या न् बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, दुसरा उपायच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि वर्षानुवर्षं पीत राहिलं तर हाडं-सांधे आखडतात. माझ्याकडे चाळिशीतली माणसं काठी टेकत आलेली आहेत. हे फ्लोराइड चांदण्यानं जात नाही, उकळून पण जात नाही, उलट पाणी आटलं की वाढते. तांब्याच्या भांड्यानंही नाही. तू बाटली कोणत्या पाण्याची भरते ते मला कळव, ग्रामपंचायतीत पाणी तपासणीचा रिपोर्ट असतो तो माग. पुनवेपेक्षा मला त्या रिपोर्टची जास्त काळजी आहे.

सेजबद्दल दोनच गोष्टी. एक तर तो पांढरा सेज कॅलिफोर्नियाच्या डोंगरातला, तिथल्या मूळच्या आदिवासींच्या पूजेतला, आणि जगभर फॅशन झाल्यावर लोक तो जंगलातून चोरून तोडायला लागले. आपल्या मोहावर-तेंदूवर बाहेरच्यानं हात मारला तर कसं वाटते ते आपल्याला माहीत आहे, मग तेच दुसऱ्याच्या जंगलासोबत पैसे देऊन कायले करायचं? वासच पाहिजे तर राळ आहे, ऊद आहे, मी स्वतः संध्याकाळी टाकते, मला आवडते. दुसरी गोष्ट म्हणजे धूर तो धूरच, साहेबाचा असो की आपला. तुझ्या वहिनीचं बाळ लहान आहे असं लिहिलं आहे, त्या खोलीत ना सेज ना कडुनिंबाची धुरी. बाळंतिणीच्या खोलीत दार लावून गोवरीवर ओवा-कडुनिंब टाकून धुरी द्यायची आपली पद्धत आहे न्, मी आयुर्वेदाची असूनही सांगते, ती मी माझ्या पेशंटच्या घरी बंद करायला लावते. घरातल्या चुलीच्या धुरानं जगात २०२० या एका सालात ३२ लाख माणसं गेली असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात पाच वर्षांखालची लेकरं लाखोंनी. नैसर्गिक आहे म्हणून छातीला कळत नाही.

खडा ठेव उशाशी, काही हरकत नाही. जांभळा संपला तर आपल्या काळ्या मातीत नांगरताना गारगोट्या निघतात त्या ठेव, फुकट आहेत न् चमकतात पण.

तू म्हणशील की मॅडम मस्करी करता, मला खरंच फरक पडला आहे, झोप लागते, धडधड कमी झाली. मी मानते की पडला असेल. २०१० मध्ये हार्वर्डच्या डॉक्टरांनी पोटाच्या दुखण्याच्या पेशंटना चक्क सांगून बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या, यात औषध नाही असं तोंडावर सांगून, तरी काहीच न दिलेल्या लोकांपेक्षा त्यांना जास्त बरं वाटलं. ठरलेल्या वेळी शांत बसणं, कोणीतरी आपल्याकडं लक्ष देणं, हाताला काहीतरी काम असणं, याचा दुखण्यावर, झोपेवर, घाबरण्यावर असर होतो. माझ्या दवाखान्यात अर्धे लोक नाडी धरल्या धरल्याच सैल पडतात. पण नाडी धरल्यानं कोणाचं हिमोग्लोबिन वाढलेलं मी २७ वर्षांत पाहिलं नाही. थायरॉइड पण नाही.

आणि तुझ्या चिठ्ठीच्या फोटोत जी गोळी सकाळी उपाशीपोटी लिहिली आहे ती थायरॉइडचीच आहे बाई. ती तू पीसीओडीची समजून बंद केली. थायरॉइड कमी असला की पाळी बिघडते, वजन वाढते, केस जातात, दिवसभर झोप येते, म्हणजे ज्या तक्रारींसाठी तू चंद्राकडं गेली त्याच वाढतील. मी ॲलोपॅथीच्या गोळ्या बदलत नाही, माझा तो अधिकार नाही, जिनं लिहून दिल्या तिच्याकडं या आठवड्यात जा, टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, परत करून घे, रागावली तर ऐकून घे. तीन महिने पाळी आली नाही हे पण तिला स्पष्ट सांग, लाजू नको. पाळी अशी लांबत गेली की गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जाते, ते वर्षानुवर्षं तसंच सोडायची गोष्ट नाही. जगात प्रजननाच्या वयातल्या १०० बायांमागे ८ ते १३ जणींना हे पीसीओडी-पीसीओएस असते न् त्यातल्या बहुतेकींना माहीतच नसते, तू काही एकटी नाही आणि कोणाची नजर पण लागली नाही.

बियांचं सांगते. रीलवर याला 'सीड सायकलिंग' म्हणतात, पहिले पंधरा दिवस जवस न् भोपळ्याच्या बिया, मग तीळ न् सूर्यफूल, त्यानं हार्मोन जागेवर येतात याला भक्कम पुरावा नाही. पण जवस! अगं जवस आपल्या विदर्भाचंच पीक, तुझ्या आजीनं जवसाची चटणी आयुष्यभर खाल्ली न् त्याला कधी सायकल म्हटलं नाही. खा, रोज दोन चमचे भाजून कुटून खा, पोट साफ राहते, तीळही खा. तीनशे रुपयांचं पाकीट मागवू नको, मोंढ्यावरून आण. दालचिनी मात्र चमच्या-चमच्यानं खाऊ नको, बाजारात जाडी दालचिनी मिळते तिच्यात लिव्हरला त्रास देणारा घटक असतो. गुळवेलीचंही तेच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्यांच्या लिव्हरला सूज आल्याच्या केसेस छापल्या, आयुष मंत्रालयानं म्हटलं की ती दुसऱ्याच जातीची वेल असेल. दोघांच्या भांडणात मला पडायचं नाही, पण वेल ओळखता येत नसेल तर काढा करू नये एवढं तर दोन्हीकडून निघतेच ना. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी झालं तरी कितीतरी जणींची पाळी सुधरते, हे कोणत्या रीलवर सांगत नाहीत कारण त्यात विकायला काही नाही.

आता धोतरा.

तुला त्याचं आकर्षण का वाटलं ते समजते, पांढरं भोंग्यासारखं फूल, काटेरी फळ, महादेवाला चालणारं, न् सिरीजमध्ये पण चेटकीण असलंच काहीतरी उकळत असते. युरोपातल्या जुन्या नोंदींमध्ये चेटकिणी अंगाला मलम लावून उडायच्या असं लिहिलेलं आहे, आणि त्या मलमात ज्या वनस्पती सांगितल्या जातात, बेलाडोना, हेनबेन, त्या धोतऱ्याच्याच खानदानातल्या. त्यांच्यात ॲट्रोपिन न् स्कोपोलामिन ही विषं असतात. ते अंगात गेलं की माणूस उडत नाही, त्याला भ्रम होतो. बेलाडोना म्हणजे इटालियनमध्ये सुंदर बाई, तिकडच्या बाया तिचा रस डोळ्यांत घालायच्या, बाहुल्या मोठ्या होऊन डोळे काळेभोर दिसावे म्हणून. दिसत नसेल समोरचं नीट, पण फॅशन म्हटली की तेव्हाही तसंच होतं.

काही वर्षांआधी महाशिवरात्रीला सोळा वर्षांच्या एका पोरानं पैजेवर मंदिरातल्या धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या. संध्याकाळी त्याला खाटेला दोरीनं बांधून आणलं माझ्याकडं. तोंड लाकडासारखं कोरडं, अंग तापलेलं, चेहरा लाल, हवेतलं काहीतरी चिमटीत पकडत होता, मेलेल्या आजोबाशी बोलत होता. घरचे आधी भगताकडं जाऊन आले होते, त्यानं अंगारा लावला न् म्हटला, "बाहिरचं हाये, जबर हाये." मी टॉर्च मारला तर बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळ्यांत रंगच उरला नाही, न् उजेडानं बारीक होईनात. खिशात दोन-चार बिया होत्या म्हणून लवकर कळलं. जिल्ह्याला पाठवला, लघवी अडली होती, नळी टाकावी लागली, तीन दिवसांनी घरी आला. त्याला त्यातलं काही आठवत नाही. एका फळात किती विष आहे ते फळ पाहून कळत नाही, एकाच झाडाच्या दोन फळांत फरक असतो, म्हणून "थोडासा चहा" हे मापच नाही.

आणि हेच ॲट्रोपिन आपल्या जिल्ह्यात औषध पण आहे. २०१७ चा फवारणीचा हंगाम तुला आठवत असेल, तू शाळेत असशील, यवतमाळ जिल्ह्यात वीसेक शेतकरी-मजूर फवारताना विषबाधा होऊन गेले. माझ्या दारातूनही तिघांना गाडीत टाकून पाठवले. फवारणीच्या औषधांत ऑर्गेनोफॉस्फेट म्हणून जात आहे, त्याची बाधा झाली की बरोबर उलटं होते, तोंडातून लाळ, अंगभर घाम, छातीत पाणी, न् बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. त्याला ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात, छाती मोकळी होईपर्यंत परत परत, मोजून, नाडी पाहत पाहत. मी कितीदा विचार करते की चेटकिणीच्या हंड्यातली चीज कापसाच्या शेतातल्या माणसाला वाचवते, तुला असल्या गोष्टी आवडतात तर ही खरी आहे न् तुझ्याच जिल्ह्यातली आहे. हे वाचून फार्मसीला जावंसं वाटलं तर मला फोन कर.

आता ज्यासाठी एवढं लांब लिहून राहिली ते. तू लिहिलं आहे, "मी अभिमानानं सांगते मी विच आहे."

पुण्यात सांग, कोणी काही म्हणणार नाही, लाइक येतील. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी तर १९८० च्या दशकातच स्वतःला उघड विच म्हटलं, त्याला हिंमत लागली असेल. पण आपल्या गावात या शब्दाचं भाषांतर होते न् ते भाषांतर दुसऱ्याच बाईच्या अंगावर जाऊन पडते.

माझी आजी सुईण होती. झाडपाला ओळखायची, रात्री-बेरात्री बाळंतपणाला जायची. गोवराची साथ आली त्या साली गावातली दोन लेकरं गेली, आणि दोन्ही घरी आजीनंच बाळंतपण केलेलं. एका सकाळी आमच्या उंबऱ्याशी लिंबू, कुंकू न् बिब्बा पडलेला होता. एवढंच. कोणी काही बोललं नाही, मारलं नाही, आमचं घर जरा बरं होतं, आजोबांच्या नावावर शेत होतं म्हणून तेवढ्यावर भागलं. पण आजीनं त्यानंतर कोणाच्या लेकराला हात लावला नाही, पाहुण्याच्या पण नाही, मी तिची सख्खी नात, माझं तोंड सुद्धा लांबूनच पाहायची. मी औषधाच्या लाइनीला आले त्यात याचा किती भाग आहे मला सांगता येत नाही.

हे जुन्या काळचं म्हणशील तर २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या एका गावात, जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बाया-माणसांना भर चौकात बांधून मारलं. त्याच एका सालात देशभरात जादूटोण्याच्या कारणावरून ६८ खून झाले अशी सरकारी नोंद आहे. आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्या २० ऑगस्टला खून झाला तेव्हा कुठं त्याचा अध्यादेश निघाला. एखादीला करणी करते, चेटकीण आहे, हिच्यामुळं गुरं आटली असं म्हणून बदनाम करणं, मारणं, धिंड काढणं या कायद्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. कायदा चांगला आहे, पण कायदा चौकात उशिरा पोचतो.

एक केस सांगते, नाव-गाव सोडून. नऊ वर्षांचा पोरगा, हात-पाय इतके दुखायचे की गडबडा लोळायचा, ताप यायचा, डोळे पिवळे. घरच्यांचं पक्कं होतं की दुखणं दर आवसेलाच येते आणि ते शेजारची एक विधवा, शेळ्या-म्हशी पाळणारी, तिच्यामुळं येते. पोराची आई म्हणाली, "मॅडम, थ्या बाईनं माह्या पोराले दूध देल्लं न् तवापासून हाये." मी वाद घातला नाही. वाद घातला असता तर ती परत आलीच नसती. मी तिला म्हटलं तुझं खरं असेल, पण मला पक्कं करू दे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी दुखते त्या दिवशी फुली मार न् बाजूला लिही आदल्या दिवशी काय झालं होतं. चार महिन्यांत सात फुल्या. आवसेच्या जवळ एकच. बाकीच्या कुठं, तर थंडीची लाट आली तेव्हा, नाल्यात दुपारभर डुंबून आला तेव्हा, ताप आला त्याच्या मागं, लग्नाच्या वरातीत दिवसभर पाणी न पिता नाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर मला संशय आलाच होता. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची पहिली तपासणी, केली, मग पुढची, निघालं सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात, थंडीनं, तापानं, पाणी कमी पडलं की जास्तच. आई-बाप दोघंही वाहक, म्हणजे त्यांना स्वतःला त्रास नाही पण प्रत्येक लेकरात चारात एक अशी शक्यता. आपल्या विदर्भात गोंड, परधान, कोलाम, महार, कितीतरी समाजांत हे आहे, आणि २०२३ पासून केंद्र सरकारचं मिशन पण चालू झालं आहे तपासणीचं. पोरगा आता हायड्रॉक्सीयुरिया या त्यावरच्या औषधावर आहे, फॉलिक ॲसिडची गोळी घेते, शाळेत पाण्याची बाटली नेते.

त्या शेजारणीला कोणी सॉरी म्हटलं नाही. तिच्या घरून दूध घेणं मात्र परत चालू झालं. मी एवढ्यावर समाधान मानलं, मानावं का नाही ते तू ठरव.

म्हणून तू जेव्हा मजेनं, प्रेमानं, स्वतःला विच म्हणते, रात्री छतावर मेणबत्त्या लावते, न् खाली गल्लीत कोणाचं लेकरू आजारी पडते, तेव्हा तुझ्यावर कोणी येणार नाही, तुझा भाऊ आहे, बाप आहे, घर पक्कं आहे. पण गावात ती चर्चा चालू झाली की ती कोपऱ्यातल्या झोपडीतल्या एकट्या म्हातारीपर्यंत जाऊन थांबते. तुमच्या विक्कात एक वाक्य आहे ना, कोणाचं नुकसान होत नसेल तर मनाला येईल ते कर. ते मला फार आवडते. त्यातलं 'कोणाचं' कोण कोण आहे ते गावात जरा मोजून पाहा, एवढंच म्हणणं आहे.

देवाला, श्रद्धेला मी विरोध नाही करून राहिली, उलट माझ्या धंद्यात त्याच्याशिवाय चालत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्रामात दवाखाना काढला तर त्याला आदिवासींच्या देवीचं नाव दिलं, माँ दंतेश्वरी. देवी दारात आहे न् आत इलाज चालू आहे, भांडण नाही. त्याच संस्थेनं गावच्या बायांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली आणि बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. त्या बाया गावातल्याच, माझ्या आजीसारख्याच. फक्त त्यांच्या हातात थर्मामीटर होता, वजनकाटा होता न् वही होती.

तर तू पण वही कर. कॅलेंडरवर पाळीची तारीख मार, पुनव-आवस तर त्यावर छापलेलीच असते. चंद्राचं चक्र साडेएकोणतीस दिवसांचं, पाळीचं २१ ते ३५ दिवस चालते, तुझं चंद्रासोबत चालते का नाही ते सहा महिन्यांत तुझं तुलाच दिसेल, मी सांगायची गरज नाही. झोप किती, वजन किती, गोळी घेतली का, तेही लिही. पुनवेला छतावर बस, मेणबत्ती लाव, देवीला जे म्हणायचं ते म्हण, पोळ्याला बैलाच्या कानात आवतन पण दे, बाबांना सांगून. वहिनीलाही विचार सिकलसेलची टेस्ट झाली का, बाळाची पण.

टीएसएचचा रिपोर्ट आला की फोटो पाठव, पाण्याचा पण. आणि तो धोतरा उद्याच उपट, वहिनीचं बाळ रांगायच्या आत. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळ, बिया गोळा करून खड्ड्यात पूर, साबणानं हात धू न् तोवर डोळ्याला हात लावू नको. लागलाच तर एकाच डोळ्याची बाहुली मोठी होते, दोन-चार दिवस तशीच राहते, न् मग तुझी आई तुला माझ्याकडं आणायच्या आधी भगताकडं नेईल.